जुन्या पिकअपमध्ये नवी बेंच सीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनजवळ आमच्या घरामागच्या शेडमध्ये १९६९चा शेव्रोले सी-१० उभा असतो. त्यात मी २००४च्या सिल्व्हराडोची, म्हणजे शेव्रोलेच्याच नव्या पिकअपची, बेंच सीट (बाकासारखी लांब सीट) बसवली. तेव्हापासून अमेरिकेतली मराठी मंडळी, आणि अधूनमधून पुण्या-कोल्हापूरकडचीही, मला तेच तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझ्या डोळ्यांसमोर १९६७ ते १९७२ या काळातला सी-१० आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर आधी प्रश्न १५ वाचा. निम्मे प्रश्न गादीबद्दल येतात. माझी निम्मी उत्तरं मात्र तळाच्या पत्र्याबद्दल आणि सीटबेल्टच्या पट्ट्याबद्दल आहेत.

१. जुनी सीट काढायचीच कशाला? तीच नव्याने भरून घेतली तर?

भरून घेता येते, आणि गाडी बरीचशी मूळ अवस्थेत असेल तर मी तेच सुचवेन. स्प्रिंगा दुरुस्त करा, नवा फोम घाला, वरून रेक्झिन चढवा; बसायला छान होते. पण जुन्या सीटची पाठ खांद्याच्या खालीच संपते. मागून कुणी धडकलं तर मान अडवायला तिथे काहीच नसतं. अमेरिकेत हलक्या ट्रकना हेडरेस्टची सक्ती सप्टेंबर १९९१मध्ये आली, म्हणजे आपल्या गाड्या बनल्यानंतर वीसेक वर्षांनी. रोज महामार्गावर चालवणार असाल तर नव्या सीटचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. कमरेला आधार, मागे कलणारी पाठ, मधला हातटेकू हे सगळं त्यानंतर.

आणि जुनी सीट फेकू नका. कापड बांधून कोरड्या जागी ठेवा. तिचे मूळ पाय आणि बोल्टही त्याच पिशवीत असू द्या.

२. कोणत्या गाडीची सीट बसते?

सगळ्यात जास्त वापरली जाते ती १९९९ ते २००६मधल्या सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएराची. तिच्यात दोन प्रकार येतात. एक ६०-४०, म्हणजे एक मोठा आणि एक लहान तुकडा. दुसरा ४०-२०-४०, ज्यात मधला छोटा भाग पुढे दुमडला की हातटेकू होतो. मला दुसरा आवडतो, कारण दोघांना आपापली सीट वेगवेगळी सरकवता येते. आमच्या घरात मी उंच आणि सौ. बुटकी, एकसंध बेंचवर कायम एकाचे गुडघे डॅशबोर्डला नाहीतर दुसऱ्याचे पाय अधांतरी.

१९८८ ते १९९८च्या पिढीच्या सीटा साध्या असतात आणि त्यांत वायरी कमी असतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला त्या सोप्या जातील. पण कोणाचीही यादी वाचून सीट विकत घेऊ नका. टेप घेऊन जा (प्रश्न ३).

३. नेमकं काय काय मोजायचं?

आधी ट्रकमध्ये मोजा. दोन्ही दारं बंद करा आणि आतली रुंदी तीन उंचींवर घ्या: खाली उंबऱ्यापाशी, कोपराशी आणि खांद्याशी. हे तिन्ही आकडे वेगळे येतात. सीट बहुतेकदा खाली अडते, कारण पाठ कलवायच्या यंत्रणेवरचं प्लास्टिकचं झाकण गादीपेक्षा बाहेर आलेलं असतं. काच खालीवर करायचा दांडा पूर्ण गोल फिरवून बघा. सीट मावली आणि दांडा मांडीला लागला, तर ती मावली असं म्हणता येत नाही.

मग स्टीअरिंगच्या खालच्या कडेपासून मागच्या टाकीपर्यंतचं अंतर घ्या (टाकीसाठी प्रश्न ४). त्यानंतर तळापासून छतापर्यंतची उंची, दोन्ही बाजूंना वेगवेगळी. शेवटी गिअरबॉक्सवरचा उंचवटा: तो किती रुंद, किती उंच आणि सीटच्या पुढच्या कडेपर्यंत कुठवर येतो.

सीट मोजताना ती रुळावर पूर्ण मागे ढकलून मोजा आणि मग पूर्ण पुढे घेऊन पुन्हा मोजा. पायांची जागा कागदावर उतरवा. मी मोठा पुठ्ठा सीटखाली सरकवून चारही भोकं त्याच्यावर गिरवली आणि तो पुठ्ठा ट्रकमध्ये नेऊन ठेवला. पुढचे पाय आणि मागचे पाय एका पातळीत नसतात, हे तेव्हाच लक्षात आलं. नव्या गाडीचा तळ तिच्याच सीटसाठी घडवलेला असतो. आपल्या तळाचा उतार वेगळा, उंचवटा वेगळा.

४. सीटमागे पेट्रोलची टाकी आहे. पाठ मागे कलेल का?

फारशी नाही. १९७२पर्यंतच्या या ट्रकांत सुमारे २० गॅलनची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी असते. १९७३च्या मॉडेलपासून शेव्रोलेने ती बाहेर नेली. नव्या सीटची पाठ जाड असते, त्यामुळे ती आधीच जुन्यापेक्षा पुढे येते आणि उंच माणसाचे गुडघे अडकतात.

म्हणून बरेच जण टाकी काढून मागच्या हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांच्या मधे बसवतात. त्याच काळातल्या ब्लेझरच्या (शेव्रोलेच्याच एसयूव्हीच्या) धर्तीची टाकी त्यासाठी मिळते. मीही तेच केलं, आणि फक्त जागेसाठी केलं नाही. आपण बसतो तिथून वीतभर अंतरावर २० गॅलन पेट्रोल, हा विचार मला कधीच सहन झाला नाही. टाकी हलवायची असेल तर सीटच्या आधी हलवा. टाकी केबिनमध्ये असताना, तिच्यात पेट्रोल असो वा नसो, आत वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवायचा नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

५. दादा, सीट बसवली पण डोकं छताला लागतंय. आता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दर वेळी बोल्ट आवळून झाल्यावर येतो. नव्या सीटची गादी जाड आणि पाय उंच असतात.

भोकं पाडण्याआधी सीट लाकडावर ठेवून बघा. प्लायवूडचे तुकडे एकावर एक रचून हवी ती उंची आणि उतार मिळवा आणि पट्ट्याने सीट जागेवर बांधा. गाडी अंगणातच उभी ठेवायची, अशी रस्त्यावर न्यायची नाही. मग अर्धा तास आत बसा. क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा स्टीअरिंगला घासतो का बघा. समोर बघा, सिग्नल काचेच्या वरच्या कडेआड जातोय का? डोकं आणि छत यांच्यामध्ये मूठ मावली पाहिजे. गादीची पुढची कड मागच्यापेक्षा किंचित उंच हवी, नाहीतर ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो.

उंची कमी करायची तर सीटचे खालचे पाय काढून त्याऐवजी बुटके ब्रॅकेट लावा. सीटच्या सांगाड्याला किंवा रुळाला वेल्ड करू नका. नव्या सीटांमध्ये जास्त ताकदीचं पोलाद वापरलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते नेमकं त्या जागी कमजोर होतं आणि वरून दिसत नाही. वेल्डिंग करायचं ते तुम्ही साध्या लोखंडाच्या बनवलेल्या ब्रॅकेटवर, आणि ब्रॅकेट रुळाला बोल्टने जोडायचे.

६. जुन्याच भोकांत बसवता येईल का?

सरळसोट नाही. मधे ब्रॅकेट किंवा आडव्या पट्ट्या लागतात, ज्यांची खालची भोकं ट्रकची आणि वरची भोकं सीटची असतात. जुनी भोकं वापरता आली तर चांगलंच, कारण कंपनीने तिथे पत्रा मुळात भक्कम केलेला असतो. जिथे नवं भोक पडेल तिथे प्रश्न ७ लागू होतो.

७. तळाच्या पत्र्याला नुसता नट-वॉशर लावला तर चालेल ना?

नाही. तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा आहे. धडकेत नट आणि वॉशर त्यातून बटण काजातून निसटावं तसे वर येतात. प्रत्येक नव्या भोकाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी. तळहाताएवढी मोठी, कोपरे गोल केलेले. टोकदार कोपरा पत्रा फाडायला तिथूनच सुरुवात करतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना गंजरोधक रंग आणि कडेने सीलंट लावा.

पत्रा सडलेला असेल तर सीटचं काम थांबवा. पायपुसणं उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणत्कार आला तर पत्रा जिवंत आहे, भद्द आवाज आला तर आत गंज. उंबरे, केबिनचे मागचे कोपरे आणि पुढचे पावठे हे या ट्रकांचे नेहमीचे सडणारे भाग. सडक्या पत्र्यावर पट्टी ठेवण्यात काही अर्थ नाही. आधी तळाचा नवा पत्रा वेल्ड करून घ्या.

८. बोल्ट कोणते घ्यायचे?

सीटसाठी ग्रेड ८चे, म्हणजे डोक्यावर सहा रेघा असलेले. किंवा मेट्रिकमध्ये १०.९. सीटबेल्टसाठी ७/१६ इंच जाडीचा, इंचाला २० आट्यांचा बोल्ट हे ठरलेलं माप आहे. तो बेल्टच्याच संचातला घ्या. डोक्यावर एकही खूण नसलेला बोल्ट शेडमधल्या डब्यात पडलेला असेल तर तो तिथेच राहू द्या.

९. सीटच्या पाठीतूनच पट्टा निघतो अशी सीट मिळतेय. खांबाला भोक पाडायला नको, मग हीच बरी नाही का?

ही सीट मी घेणार नाही, आणि का ते नीट सांगतो. लांब केबिनच्या ट्रकांत मागचं छोटं दार उलटं उघडतं, त्यामुळे दोन दारांमध्ये खांबच नसतो. म्हणून खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीत घालतात. धडकेत तुमच्या धडाचा सगळा भार पाठीच्या वरच्या टोकाला येतो आणि ती पाठ तरफेसारखी सीटचे पाय उखडू बघते. सीट, तिचे पाय आणि त्याखालचा तळ हे तिन्ही मिळून हा भार पेलतील अशी रचना कंपनीने केलेली असते. आपण त्यातली फक्त सीट आणतो.

आकडे बघा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे कमरेचा आणि खांद्याचा पट्टा जिथे गाडीला जोडलेला असतो त्या जागांनी एकाच वेळी प्रत्येकी ३,००० पौंड ओढ सहन करायची असते. ३,००० पौंड म्हणजे सुमारे १,३६० किलो. शिवाय सीटच्या जोडणीने सीटच्या वजनाच्या २० पट भार पेलायचा. ६०-४० सीटच्या मोठ्या तुकड्यावर दोन माणसं बसतात. हे सगळं चार बोल्टांतून साठीच्या दशकातल्या पत्र्यावर येणार.

अशी सीट आधीच घेऊन ठेवली असेल तर तिचे पट्टे वापरू नका. केबिनला वेगळे तीन बिंदूंचे पट्टे लावा (प्रश्न १०).

काही जण विचारतात, मग सीटचे बोल्ट थेट चासीला नेऊ का? तेही नको. केबिन रबराच्या गट्ट्यांवर बसलेली असते आणि धडकेत ती चासीपासून वेगळी सरकते. सीट चासीला आणि पट्टा केबिनला असेल तर दोन्ही तुम्हाला दोन दिशांना ओढतील. दोन्ही केबिनलाच हवेत.

१०. माझ्या ट्रकमध्ये खांद्याचा पट्टाच नाही. बसवता येतो का?

येतो, आणि सीट बदलताय तेव्हाच बसवा. अमेरिकेत ट्रकना पट्ट्यांची सक्ती १ जुलै १९७१पासून झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत कमरेचा पट्टाही नसतो.

तीन बिंदूंच्या पट्ट्याचा वरचा बोल्ट दारामागच्या खांबात येतो. खांब आतून पोकळ असतो, म्हणून आत नट वेल्ड केलेली जाड पट्टी घालावी लागते. हा बिंदू खांद्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर हवा. खाली असेल तर धडकेत पट्टा खांद्यावरून खाली ओढतो आणि मणका दाबला जातो. नवी सीट जुनीपेक्षा उंच असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून आधी सीट, मग खांबाचं भोक. कमरेचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. बाजूने पाहिलं तर तो जमिनीशी ३० ते ७५ अंशांच्या कोनात असावा.

पट्टा गुंडाळणारी डबी सांगितलेल्याच कोनात लावा. तिच्या आतलं कुलूप गुरुत्वाकर्षणावर चालतं. डबी कलली की पट्टा बाहेरच येत नाही, आणि माणसं उगाच नवा पट्टा मागवतात.

११. तीन माणसं बसतील का?

गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असेल तर बसतील. गिअरचा दांडा तळातून येत असेल तर मधल्याचे गुडघे आणि तुमचा दुसरा गिअर एकाच जागी येतात. चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत आणखी एक दांडा. मधल्या जागेला स्वतःचा पट्टा नसेल तर तिथे कोणी बसायचं नाही. मधला भाग दुमडून हातटेकू म्हणून वापरा.

१२. लहान मुलांना नेता येईल?

कमरेचा पट्टा असलेल्या जागी स्वतःचे पट्टे असलेली बालआसनं बसू शकतात. आसनाची पुस्तिका त्यासाठी वाचा. बूस्टरला (मुलाला उंच बसवणाऱ्या गादीला) मात्र खांद्याचा पट्टा लागतोच, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर कधीच नाही. वरच्या पट्ट्याचा हुक अडकवायची जागा या ट्रकांत नसते. माझा नातू सात वर्षांचा आहे. आम्ही त्याला अंगणात ट्रकमध्ये बसवतो, रस्त्यावर दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर.

१३. सीटखाली पिवळी वायर निघाली. कापून टाकू?

हात लावू नका. पिवळा जोड म्हणजे एअरबॅग किंवा पट्टा आवळणारं यंत्र, आणि दोन्हींत स्फोटक भरलेलं असतं. पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का पाहा. असेल तर ती सीट जंकयार्डातच (भंगार गाड्यांच्या आवारातच) सोडा. एअरबॅग नसलेली दुसरी मिळेल. घेतलीच असेल तर मल्टीमीटरने तपासायची नाही, तेवढ्या विजेनेही ती उडू शकते. जाणकाराकडून काढून घ्या.

प्रवाशाचं वजन ओळखणारी गादीखालची चटई मात्र निरुपद्रवी असते. तशीच राहू द्या.

१४. बटणाने हलणारी सीट घेऊ का?

गाडी १२ व्होल्टची असेल तर चालेल. शेव्रोले १९५५मध्ये आणि फोर्ड १९५६मध्ये १२ व्होल्टवर आले. त्याआधीच्या ६ व्होल्टच्या गाडीत मोटर चालणार नाही. वायर बॅटरीपासून वेगळी आणा, बॅटरीजवळच सर्किट ब्रेकर लावा. जुन्या फ्यूजबॉक्सवर हा भार टाकू नका. मोटरींमुळे सीट आणखी उंच आणि जड होते, म्हणून डोक्याचा प्रश्न असलेल्यांनी साधी सीट घ्यावी.

१५. माझा सी-१० नाही. १९५०चा शेव्ही (शेव्रोले) आहे, भावाचा फोर्ड एफ-१०० आहे. हेच लागू होईल?

पत्रा, पट्टा आणि बोल्ट यांबद्दलचं सगळं लागू होईल. मापं नाहीत. पन्नाशीच्या सुरुवातीच्या शेव्हीची केबिन अरुंद. तिथे सिल्व्हराडोची पूर्ण सीट सहसा दारांना अडते. त्यातही टाकी १९४९पासून सीटमागेच आहे. १९६७ ते १९७२च्या एफ-१००मध्येही टाकी केबिनमध्येच असते. १९७३पासूनच्या शेव्हीत हा अडथळा नाही, त्यामुळे तिथे काम बरंच सोपं.

१६. जंकयार्डमधली सीट निवडताना काय बघायचं?

आमच्या भागात पहिली गोष्ट पाणी. २०१७च्या हार्वी वादळानंतर इथली कितीतरी वाहनं बुडाली. वरचं कापड धुतलेलं असतं, म्हणून खालून बघा: रुळावर समान गंज, स्प्रिंगांवर गाळ, फोमला कुबट वास. अशी सीट घेऊ नका. मग रूळ पूर्ण पुढे-मागे सरकवा आणि दोन्ही टोकांना कुलूप लागल्याचा आवाज ऐका. पाठ कलवून बघा. चारही पाय, त्यांचे बोल्ट आणि बकल सोबत घ्या. नंतर ते सुटे शोधण्यात महिना जातो. अपघात झालेल्या गाडीतली सीट असेल तर तिचे पट्टे पुन्हा वापरू नका.

कापड नव्याने चढवणार असाल तर वाहनासाठी बनलेलंच घ्या. गाडीच्या आतल्या कापडाने मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळायचं नाही, असा अमेरिकेचा नियम आहे. पडद्याच्या कापडाला तो लागू नसतो.

१७. हे कायदेशीर आहे का? एका गॅरेजने काम नाकारलं.

अमेरिकेत कारखान्यातून आलेली सुरक्षेची सोय निकामी करायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे ती उत्पादक, विक्रेते आणि गॅरेज यांना. स्वतःच्या गाडीवर काम करणाऱ्या मालकाला ती लागू नाही. म्हणून काही गॅरेजं नको म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. राज्यांचे नियम वेगळे. टेक्ससमध्ये खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५पासून बंद झाली, तेव्हा तुमचं काम आता कोणी तपासणार नाही. दुसऱ्या जाणत्या माणसाला बोलावून प्रत्येक बोल्ट दाखवा. विमा कंपनीला लेखी कळवा.

१८. काका, भारतातल्या माझ्या जुन्या पिकअपला हे करता येईल का?

आरटीओला विचारल्याशिवाय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी स्पष्ट केली. आसनसंख्या नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते, ती बदलता कामा नये. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि व्हीए मालिकेत विंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर मूळ सीटच भरून घ्या (प्रश्न १).

१९. सगळं बसलं, पण सीट पुढे-मागे सरकताना अडकते. रूळ खराब आहे का?

बहुतेक वेळा रूळ चांगला असतो, ब्रॅकेट वाकडे असतात. दोन रूळ एकमेकांना समांतर आणि एकाच पातळीत नसले तर सीट पिळली जाते. माझे पहिले ब्रॅकेट एका वेल्डरने बनवले होते; एक पाय दुसऱ्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर उंच निघाला आणि सीट अर्ध्यावर रुतायची. दोष शोधायला दोन आठवडे गेले.

चारही बोल्ट ढिले करा. सीट पूर्ण पुढे नेऊन मागचे बोल्ट आवळा, पूर्ण मागे नेऊन पुढचे. तरीही अडकली तर कोणता बोल्ट सैल केल्यावर ती मोकळी होते ते बघा. त्याच पायाखाली फट आहे. तिथे पूर्ण रुंदीची पोलादी चकती घाला आणि पुन्हा आवळा. रुळाचं कुलूप दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागतंय ना, हे शेवटी हाताने चाचपून बघा. एकाच बाजूला लागलेली सीट रोजच्या वापरात घट्ट वाटते आणि जोराच्या ब्रेकला सुटते. तीनेकशे मैल चालवून झाल्यावर सगळे बोल्ट पाना लावून पुन्हा एकदा तपासा.